बर्फाळ जंगलातले २१७ किलोमीटर : कोरडं राहून पार करायची कृती

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीवर, इंटरनॅशनल फॉल्स नावाचं गाव आहे. दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस, सोमवारी सकाळी सात वाजता, उजाडण्याच्या आधीच तिथून ‘ॲरोहेड १३५’ ही शर्यत सुटते. १३५ मैल म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर; पुण्याहून नाशिक साधारण तेवढंच पडतं. वाट ॲरोहेड स्टेट ट्रेलची. हिवाळ्यात ती स्नोमोबीलसाठी दाबून तयार केलेली असते, आणि स्प्रूस, पाइन, बर्चच्या जंगलांतून आणि गोठलेल्या दलदलींतून ती दक्षिणेला टॉवर या गावाजवळच्या व्हर्मिलियन सरोवरापर्यंत जाते. २००५ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत कोणी जाड टायरच्या सायकलवर येतं, कोणी स्कीवर, आणि उरलेले पायी. मुदत सगळ्यांना एकच, साठ तास.

थंडीचा अंदाज एका नोंदीवरून येईल. २ फेब्रुवारी १९९६ रोजी याच टॉवरजवळ उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. मिनेसोटाचा तो आजवरचा नीचांक आहे. शर्यतीच्या रात्री पारा उणे ३० च्या खाली गेला तरी इथे कोणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडे धावणारा माणूस घामाला घाबरत नाही. घाम ही मेहनतीची खूण मानली जाते आणि सह्याद्रीतल्या उन्हात तोच शरीर थंड ठेवून आपल्याला वाचवतो. उणे २५ मध्ये मात्र तोच घाम जिवावर उठतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं. अंगातला कपडा भिजला आणि तुम्ही दहा मिनिटं थांबलात, तर घेतलेली सगळी मेहनत तुमच्याच विरोधात जाते. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच उद्देशाने लिहिली आहे : कोरडं राहायचं आणि चालत राहायचं. वेग त्यानंतर येतो.

ही कृती पायी जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी डोंगरवाटांवर निदान पन्नास-साठ किलोमीटरची एखादी शर्यत पूर्ण केली आहे, त्यांनीच ती हाती घ्यावी.

लागणारा वेळ

तयारीला एक पूर्ण वर्ष धरा. ॲरोहेडचे आयोजक प्रवेश देताना आधीचा अनुभव विचारतात आणि ते योग्यच आहे. पहिल्या हिवाळ्यात छोटी शर्यत करावी, दुसऱ्या हिवाळ्यात ही. विस्कॉन्सिनमधल्या टस्कोबिया शर्यतीत ८० मैलांचा पल्ला आहे, फिनलंडमधल्या रोव्हानिएमी शर्यतीत ६६ किलोमीटरचा. मिनियापोलिस, शिकागो, टोरांटोकडे राहणाऱ्या मराठी धावपटूंना सरावासाठी थंडी दारातच मिळते. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी शर्यतीच्या निदान आठवडाभर आधी तिथे पोहोचावं.

साहित्य

सक्तीच्या वस्तू आदल्या दिवशी तपासल्या जातात. नियमपत्रक दरवर्षी नव्याने वाचावं. मुख्य वस्तू अशा :

• उणे २९ अंशांपर्यंत चालेल अशी किंवा त्याहून उबदार स्लीपिंग बॅग
• उष्णता अडवणारी जाड चटई
• तंबू किंवा बिव्ही सॅक, म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची वारा अडवणारी पिशवी
• स्टोव्ह, भांडं, काडेपेटी किंवा लायटर, आणि सुमारे २३५ मिलिलिटर इंधन
• सुमारे दोन लिटर पाणी मावेल अशी, गोठण्यापासून जपणारी बाटली
• हेडलॅम्प, पुढे-मागे लुकलुकणारे लाल दिवे आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या
• दोरीने गळ्यात अडकवलेली शिट्टी
• ३,००० कॅलरीचं राखीव अन्न

स्वतःच्या गरजेच्या वस्तू :

• स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची प्लास्टिकची घसरगाडी, कमरेचा पट्टा आणि दोघांना जोडणाऱ्या कडक दांड्या
• लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा आतला थर. सुती कपडा एकही नको
• पातळ वारारोधक जाकीट, आणि थांबल्यावर सगळ्यावरून चढवायला पिसांचं किंवा कृत्रिम भरावाचं मोठं जाकीट
• पातळ हातमोज्यांचे तीन-चार जोड आणि वरून घालायचे जाड, चारही बोटं एकत्र राहतील असे मोजे
• नेहमीपेक्षा एक ते दीड माप मोठे बूट, गुडघ्याखाली बर्फ अडवणारे गेटर, जाड लोकरी पायमोजे
• तोंड झाकायला दोन-तीन गळपट्ट्या, कानटोपी आणि बर्फाचा गॉगल
• लिथियमच्या बॅटऱ्या. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात

स्टोव्ह निवडताना घाई करू नका. गॅसच्या छोट्या डब्यांमधलं साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप व्हायचं थांबतं आणि आयसोब्युटेन उणे १२ च्या सुमारास. उणे ३० मध्ये असा डबा हातात घेऊन बसण्याची वेळ येते. पंप मारून पेटवायचा, द्रवरूप ‘व्हाइट गॅस’वर चालणारा स्टोव्ह इथे भरवशाचा.

पूर्वतयारी

१. ओढायचा सराव करा. भरलेल्या स्लेजचं वजन बहुतेकांचं बारा ते अठरा किलोंच्या आसपास जातं. कडाक्याच्या थंडीत बर्फ घसरणीचा राहत नाही. एरवी घसरणाऱ्या वस्तूखाली पाण्याचा अतिसूक्ष्म थर तयार होतो, तो उणे २५-३० मध्ये जवळपास तयारच होत नाही आणि स्लेज जागच्या जागी धरून ठेवल्यासारखी जड लागते. यासाठी कमरेला दोरी बांधून जुना टायर ओढा. कोकणातल्या किनाऱ्यावर कोरड्या, भुसभुशीत वाळूत टायर ओढला तर पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू आणि कंबर या तिन्हींना नेमकं हवं ते काम मिळतं. आठवड्यातून दोनदा एका तासाने सुरुवात करून हळूहळू चार तासांपर्यंत न्या.

२. चालायला शिका. साठ तासांत २१७ किलोमीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. खाणं, झोप, मोजे बदलणं यांत दहा तास गेले असं धरलं, तर उरलेल्या पन्नास तासांत ताशी सुमारे ४.३ किलोमीटरने पुढे जावं लागतं. ही गती चालण्याची आहे. पायी पूर्ण करणारे बहुतेक लोक सपाटीवर आणि उतारावर थोडं पळतात, बाकी सगळं झपझप चालतात. सिंहगडावर किंवा तुमच्या जवळच्या घाटात पाठीवर ओझं घेऊन सलग पाच-सहा तास एकाच गतीने चालण्याचा सराव पळण्याच्या सरावाइतकाच गंभीरपणे करा.

३. फ्रीजरची परीक्षा घ्या. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. बरोबर न्यायचा प्रत्येक खाऊ रात्रभर त्यात ठेवा आणि सकाळी बाहेर काढून लगेच चावून बघा. शेंगदाण्याची चिक्की दाताला दाद देत नाही. चॉकलेटच्या वड्या दगड होतात. साजूक तुपातले डिंकाचे लाडू घट्ट होतात, पण सुपारीएवढे वळले तर तोंडात धरून विरघळवता येतात. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असते. मऊ गुळाच्या तिळाच्या वड्या बोटाच्या पेराएवढ्या कापून ठेवल्या तर उत्तम चालतात, कारण तिळात चरबीही भरपूर आणि चवही ओळखीची. खारे काजू, चीजचे बारीक तुकडे, भाजलेले शेंगदाणे हेही चांगले. लायटर, हेडलॅम्प, बॅटऱ्या आणि बॅगेच्या चेनही याच फ्रीजरमध्ये ठेवून तपासा.

४. मोजे न काढता काम करायला शिका. स्टोव्ह पेटवणं, चेन ओढणं, पाकीट फोडणं, बुटाची नाडी बांधणं ही सगळी कामं जाड मोजे घालून, अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात करून बघा. प्रत्येक चेनला हाताच्या मुठीत येईल एवढा दोरीचा फासा बांधा. खाऊची पाकिटं घरीच फोडून सुट्या पिशव्यांमध्ये ओता. उघड्या हाताने धातूला हात लावायचा नाही आणि इंधन बोटांवर सांडू द्यायचं नाही : उणे ३० अंशांतलं द्रव इंधन त्वचेवर पडताक्षणी हिमदंश करतं, कारण ते गोठत नाही आणि वर उडून जाताना आणखी उष्णता नेतं.

५. एक रात्र बाहेर काढा. शर्यतीआधी निदान एक रात्र त्याच बॅगेत, त्याच चटईवर, खऱ्या थंडीत उघड्यावर झोपा. गरम खोली चार पावलांवर असताना उणिवा कळाव्यात, जंगलात कळू नयेत.

शर्यतीची कृती

६. थंडी वाजतच सुरुवात करा. सुरुवातीच्या रेषेवर अंगात किंचित हुडहुडी असली पाहिजे. तिथे उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत, आणि पंधराव्या मिनिटाला पाठ ओली होणार. मोठं जाकीट स्लेजमध्ये अगदी वर, एका हाताने ओढता येईल असं ठेवा आणि आतला थर व वारारोधक जाकीट एवढ्यावर निघा. पहिल्या तासात सगळे पळतील, तुम्ही चाला. दर दहा मिनिटांनी मोज्यातला हात काढून पाठीवर कमरेच्या वर फिरवा. ओल लागली तर आधी गती कमी करा, मग चेन उघडा, मग टोपी सैल करा. याच क्रमाने.

७. चढ येण्याआधी उघडा, उतार येण्याआधी मिटा. पहिले साधारण पन्नास किलोमीटर बरेचसे सपाट आणि दलदलीच्या प्रदेशातले आहेत. टेकड्या पुढे सुरू होतात, आणि त्यांचा सर्वांत दाट भाग दुसऱ्या व तिसऱ्या तपासणी ठाण्यांच्या मध्ये लागतो. प्रत्येक चढाच्या पायथ्याशी चेन छातीपर्यंत उघडा. माथ्यावर पोहोचायच्या दहा पावलं आधी ती मिटा, कारण उतारावर श्रम थांबतात आणि वारा सुरू होतो. तीव्र उतारावर अनुभवी लोक स्लेजवर बसून घसरत खाली जातात. पाय विसावतात आणि वेळ वाचतो. मात्र पुढे वाट मोकळी दिसत असेल तरच. स्लेजच्या दांड्या कडक असाव्यात असं वर म्हटलं ते इथेच उपयोगी पडतं : नुसत्या दोरीला बांधलेली स्लेज उतारावर मागून येऊन टाचांवर आदळते.

८. दर वीस मिनिटांनी खा, प्या, तपासा. घड्याळाला वीस मिनिटांचा गजर लावा. तो वाजला की तीन कामं, न थांबता. एक, दोन घास. दोन, तीन-चार घोट. तीन, नाक, गाल, कान, हातापायाची बोटं यांची विचारपूस. ताशी दोनशे ते अडीचशे कॅलरी पोटात जात राहिल्या पाहिजेत, कारण शरीराची भट्टी याच सरपणावर चालते. भूक मरते, तहान लागत नाही. म्हणून इच्छेवर विसंबू नका. पाणी गरम भरून घ्या आणि बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी वापरत असाल तर ती जाकिटाच्या आत बाळगा आणि प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकला. नळी एकदा गोठली की पाठीवरचं पाणी असून नसल्यासारखं.

९. हात, पाय आणि चेहरा यांची वेगवेगळी व्यवस्था ठेवा. हातासाठी : पातळ मोजा कायम, वरचा जाड मोजा दोरीने मनगटाला बांधलेला. पातळ मोजा ओला झाला की लगेच बदला आणि ओला आतल्या कपड्यांत पोटाशी वाळत घाला. पायासाठी : बूट सैल हवेत, कारण दुसऱ्या दिवशी पाय सुजतात आणि घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही. बरेच अनुभवी लोक पातळ मोज्यावर हवा न जाऊ देणारा एक मोजा घालतात आणि त्यावर जाड लोकरी मोजा. पायाचा घाम आतच राहतो, बाहेरची लोकर कोरडी राहते. हा प्रयोग आधी सरावात करून बघावा, कारण आतली त्वचा मऊ पडून फोड येऊ शकतात. दर ठाण्यावर पाय पुसून, कोरडे करून, पातळ मोजा बदलावा लागतो. चेहऱ्यासाठी : गळपट्टी नाकावर ओढून घ्या, श्वासाने ती गोठली की फिरवून कोरडी बाजू पुढे आणा. गारठलेली कोरडी हवा तासन्‌तास जोरात ओढली तर श्वासनलिका आकसतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. वारा सुटला की गॉगल चढवा, कारण डोळ्याच्या पारदर्शक पडद्यालाही थंडी लागते आणि दिसणं धूसर होतं. तेल किंवा मलम फासून थंडी अडत नाही. खोबरेल तर आपल्या घरच्या थंडीतही गोठतं. इथे त्याचा भरवसा धरू नये.

१०. ठाण्यांवर थांबा, पण रमू नका. वाटेत तीन ठाणी आहेत. पहिलं सुमारे ५६ किलोमीटरवर गेटवे हे दुकान, दुसरं सुमारे ११४ वर एलिफंट लेक या सरोवराकाठचं मेलजॉर्जेस, तिसरं सुमारे १७८ वर जंगलातच उभारलेलं. एक नमुना वेळापत्रक असं :

• गेटवे : सोमवारी संध्याकाळी साडेसात. थांबा एक तास.
• मेलजॉर्जेस : मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास. थांबा तीन तास. त्यात दीड तास झोप.
• तिसरं ठाणं : बुधवारी पहाटे सहा. थांबा अर्धा तास.
• शेवट : बुधवारी दुपारी चार ते साडेचार. मुदत संध्याकाळी सातला संपते.

ही अडीच-तीन तासांची शिल्लक ताज्या बर्फासाठी आणि न ठरवलेल्या झोपेसाठी आहे. ती आधीच्या ठाण्यांवर उडवू नका. आत शिरण्यापूर्वी बाहेरच मनात यादी करा : मोजे वाळत घालणे, पाणी भरणे, खाणे, पाय बघणे, बॅटरी बदलणे. याच क्रमाने कामं करा. उबेत बसल्यावर डोकं चालत नाही, यादीच चालवते. बाहेर पडताना मोठं जाकीट घालून निघा आणि दहा मिनिटांनी अंग तापलं की काढा. उबेतून गारठ्यात आल्यावरची ती पहिली दहा मिनिटं फार बोचतात. शर्यत सोडण्याचा विचार बहुतेकांना याच वेळी येतो. तेवढा वेळ कोणताही निर्णय घेऊ नका.

११. वाटेत झोपायचं तर नीट झोपा. जानेवारीअखेर इथे उजेड जेमतेम साडेनऊ तास असतो. उरलेले साडेचौदा तास रात्र. दुसऱ्या रात्री भास होतात : झाडांच्या बुंध्यांत माणसं दिसतात, दूरवर घरं दिसतात. हे सगळ्यांना होतं, त्याने घाबरू नये. पण पाय लटपटू लागले आणि चालता चालता डोळे मिटू लागले की थांबा.

जागा चढावर निवडा. थंड हवा जड असते, ती ओढ्यांच्या आणि दलदलींच्या खोलगट भागांत साचते, आणि थोड्याशा उंचीवर काही अंशांचा फरक पडतो. वाटेपासून पुरेसं बाजूला व्हा. रात्री वेगाने येणारा स्नोमोबीलचालक वाटेवर झोपलेला माणूस बघेलच असं नाही. लाल दिवा चालूच ठेवा. पायांनी बर्फ दाबून जागा सपाट करा, चटई पसरा. आधी खा, कारण पोटात अन्न असेल तरच बॅग तापते. बॅग स्वतः उष्णता देत नाही, तुमची राखून ठेवते. मोठं जाकीट घाला, कोरडे मोजे चढवा. पाण्याची बाटली, हातमोजे आणि हेडलॅम्प बॅगेत घ्या. नाक-तोंड बॅगेबाहेर ठेवा, नाहीतर श्वासातली वाफ भरावात गोठते. गजर दीड तासाचा. उठल्यावर आधी हातमोजे, मग बूट, मग सामान आवरणं, आणि लगेच चालणं.

१२. बर्फ वितळवायचा तर आधी थोडं पाणी घाला. बाटली संपली आणि ठाणं दूर असलं तर स्टोव्ह काढा. रिकाम्या भांड्यात कोरडा बर्फ भरून आच दिली तर तळ करपतो आणि पाण्याला जळकट वास येतो. तळाला दोन घोट पाणी ठेवून त्यावर मूठ मूठ बर्फ टाकत जा. भुसभुशीत बर्फाच्या भरलेल्या भांड्यातून पाणी अगदी तळाला येईल एवढंच निघतं, म्हणून धीर धरा. तहान भागवायला बर्फ तोंडात टाकू नका. तो वितळवण्याची उष्णता तुमच्या शरीरातूनच जाते.

१३. शेवटचे ३९ किलोमीटर मोजून चाला. तिसऱ्या ठाण्यानंतर थोड्याच वेळात वेकमअप हिल नावाची शेवटची मोठी टेकडी लागते. त्यानंतर वाट सपाट आहे, आणि म्हणूनच मनाला जड आहे. तासाभराचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक आवडता घास ठेवा. शेवट जवळ आला म्हणून खाणं-पिणं बंद करू नका, आणि गरम होतंय म्हणून भराभर पळून घामही काढू नका. दमलेलं शरीर उष्णता कमी तयार करतं. पहिल्या दिवशी जेवढ्या कपड्यांत ऊब होती तेवढ्यात तिसऱ्या दिवशी नसते. एक थर वाढवावा लागेल, तो वाढवा.

धोक्याच्या खुणा आणि तेव्हा काय करायचं

*त्वचा पांढरी, मेणासारखी आणि बधिर झाली तर* हिमदंशाची सुरुवात आहे. दुखणं थांबलं ही चांगली बातमी समजू नका. गालावर उबदार तळवा ठेवा, बोटं काखेत धरा. चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. बधिर त्वचेला भाजल्याचं कळत नाही. भाग कडक, लाकडासारखा झाला असेल तर वाटेत वितळवायचा प्रयत्न करू नये, कारण वितळून पुन्हा गोठला तर नुकसान कितीतरी जास्त होतं. तो भाग जपून ठाण्यापर्यंत न्या. तिथे उपचार वैद्यकीय देखरेखीखाली, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात होतात.

*पाय अडखळणं, बोटांनी चेन न लागणं, बोलणं अडखळणं, उगाच चिडचिड* या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर शरीराचं आतलं तापमान उतरू लागलं आहे. ताबडतोब मोठं जाकीट चढवा, गोड काहीतरी खा आणि चालत राहा. चालणं जमत नसेल तर बॅगेत शिरा. थंडी कायम असून हुडहुडी थांबली, तर जीव धोक्यात आहे : बॅगेत राहा, शिट्टी वाजवा, जवळून जाणाऱ्याला थांबवा. शेजारच्या स्पर्धकात या खुणा दिसल्या तर तुमची शर्यत तिथे थांबली असं समजा आणि आधी त्याला बघा.

*सोडून द्यायचं असेल तर* ठाण्यावर सोडा. दोन ठाण्यांच्या मध्ये मदत मागितली तर स्नोमोबील येईपर्यंत काही तास जाऊ शकतात, आणि तेवढा वेळ स्वतःच्या सामानावर तगून राहावं लागतं. अंग कोरडं आहे, खाणं पोटात जातंय आणि बोटांना जाणीव आहे, तोवर पुढच्या ठाण्याकडे चाला. या तिन्हींपैकी एक गोष्ट हाताबाहेर गेली असेल, तर ठाण्यातून पुढे निघू नका. इथे सुरुवात करणारे बरेच जण मध्येच थांबतात. त्यांच्यातले कितीतरी पुढच्या वर्षी परत येऊन शर्यत पूर्ण करतात, कारण त्यांची दहाही बोटं शाबूत असतात.

पोहोचल्यावर

शेवटच्या रेषेवर एक तपासणी होते. सक्तीचं सामान, ठरलेलं इंधन आणि ३,००० कॅलरीचं अन्न अजून स्लेजमध्ये आहे का, हे बघतात. साधारण अर्धा किलो पीनट बटरमध्ये एवढ्या कॅलरी मावतात, म्हणून अनेक जण एक बरणी न उघडता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाहून आणतात. नवख्याला हा नियम जाचक वाटतो. पण शर्यतीचा सगळा अर्थ त्यात आहे. २१७ किलोमीटर संपल्यावरही जंगलात आणखी एक रात्र काढता येईल एवढी तयारी ज्याच्याजवळ उरली आहे, त्यानेच ही वाट पूर्ण केली असं इथे मानतात.

तपासणी झाली की कोरडे कपडे, गरम सूप आणि झोप. बोटांची अग्रं दुसऱ्या दिवशीही बधिर वाटली, फोड आले किंवा रंग काळपट झाला, तर डॉक्टरांना दाखवा. वाट बघू नका. त्या रात्री गाडी चालवू नका. आणि आठवण ताजी आहे तोवर वहीत तीन याद्या करा : काय वापरलं, काय वापरलंच नाही, आणि कोणत्या वेळी अंग ओलं झालं. पुढच्या हिवाळ्याची तयारी तिसऱ्या यादीपासून सुरू करा.